सिगारेट, हिरड्यांतले जंतू आणि न येणारं रक्त

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही बघता येईल. वय ४२. सोळा-सतरा वर्षं दिवसाला बाराएक सिगारेटी. दोन वेळा ब्रश करता. हिरड्यांतून कधी थेंबभर रक्त आलं नाही, सूज नाही, ठणका नाही. दाढेत अन्न अडकतं म्हणून दाखवायला गेलात, तर डॉक्टरांनी सांगितलं की मागच्या दाढांपाशी ६-७ मिलिमीटरची पॉकेट्स (दात आणि हिरडी यांच्यामध्ये पडलेले खोल खळगे) आहेत, दातांना धरणारं हाड झिजलंय, आणि सिगारेट चालूच राहिली तर उपचाराचा गुण कमी येईल. यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. रक्त येत नसताना हिरड्यांचा रोग कसा असेल? धुराने जंतू मरायला हवेत, मग ते वाढले कसे? आणि शेवटी सगळा खेळ जंतूंचाच असेल तर एखादं अँटिबायोटिक किंवा चांगला माउथवॉश घेऊन काम का भागू नये?

गेली बावीस वर्षं मी फक्त हिरड्यांचे आजार बघते आणि हे तिन्ही प्रश्न मला अनेकदा विचारले गेलेत. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते: रोग म्हणजे बाहेरून आलेला जंतू, तो मारला की रोग संपला. घसा धरला की आपण तसंच समजतो आणि बऱ्याचदा ते चालूनही जातं. हिरड्यांच्या बाबतीत मात्र ती समजूत आपल्याला चुकीच्या वाटेला नेते. इथले जंतू तुमच्या तोंडात बहुधा आधीपासूनच थोडेथोडे होते. म्हणून मी प्रश्न असा विचारेन: इतकी वर्षं दबून राहिलेल्या जंतूंना आत्ताच बळ कुठून मिळालं? सिगारेटचा संबंध तिथे येतो.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, एक्स-रे पाहिलेले नाहीत. मधुमेह आहे का, असेल तर आटोक्यात आहे का, आईवडिलांचे दात लवकर पडले होते का, दोन दातांच्या मधली जागा तुम्ही साफ करता का, रात्री दात चावता का, यांतल्या प्रत्येक उत्तराने चित्र बदलतं. तीस वर्षं ओढूनही हाड बऱ्यापैकी शाबूत असलेली माणसं मी पाहिली आहेत आणि कधीही न ओढता पस्तिशीत दात हलायला लागलेलीही पाहिली आहेत. तेव्हा तुमच्या हाडाच्या झिजेतला नेमका किती वाटा सिगारेटचा, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दिवसाला बारा, तीही सोळा वर्षं, हा वाटा छोटा असण्याची शक्यता मला कमी वाटते.

आता जंतूंकडे वळू. माणसांच्या तोंडांतून जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. एकेका माणसात त्यांतल्या काहीच असतात, तरी दातावर नखाने खरवडून निघणाऱ्या पांढुरक्या चिकट थरात त्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. हा थर म्हणजे प्लाक. ती नुसती घाण नसते. एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून, एकमेकांचं टाकलेलं खाऊन जगणारी ती वस्ती असते. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या काही तरुणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. मला त्यातला जंतूंचा क्रम महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला गोल आकाराचे, तुलनेने निरुपद्रवी जंतू होते. मग लांब धाग्यांसारखे आले आणि शेवटी वळवळणारे, मळसूत्रासारखे स्पायरोकीट. प्लाक जुना होत गेला तशी वस्तीतली माणसं बदलत गेली.

पुढे १९९८ मध्ये बॉस्टनच्या फोर्सिथ संस्थेतल्या सिग्मंड सॉक्रन्स्की यांनी हजारो नमुने तपासून कोणते जंतू कोणाबरोबर राहतात याचे गट पाडले आणि त्यांना रंगांची नावं दिली. खोल पॉकेट्समध्ये, रक्त येणाऱ्या जागी एकत्र सापडणारे तीन जंतू म्हणजे लाल गट: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनिमा डेंटिकोला. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. या तिघांना प्राणवायू मानवत नाही, प्रथिनांवर ते जगतात आणि खोल, बंदिस्त, ऊबदार जागा त्यांना लागते, एवढं ध्यानात असू द्या. पुढचं सगळं त्याभोवती फिरतं.

धुराने जंतू मरत नाहीत का, ही तुमची शंका फार जुनी आहे. सूक्ष्मदर्शकातून दातांवरचे जंतू पहिल्यांदा पाहणाऱ्या आंतोनी व्हॅन लेवेनहुकलाही ती पडली होती. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात एका म्हाताऱ्याचा उल्लेख आहे. हा गृहस्थ रोज ब्रँडी, वाइन घ्यायचा आणि तंबाखू ओढायचा. एवढ्या माऱ्यात ते बारीक जीव जगत असतील का, हे लेवेनहुकला पाहायचं होतं. थुंकीत त्याला विशेष काही दिसलं नाही. दातांच्या फटींतला मळ काढून पाहिला, तेव्हा मात्र त्यात ते भरपूर निघाले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. धूर तोंडातून फिरतो, लाळेतून फिरतो. फटीत आणि पॉकेटमध्ये दडलेल्या वस्तीवर त्याचा परिणाम वेगळा होतो.

धुराने काही जंतू मरतात, हेही खरं आहे. प्रश्न असा की कोण मरतं. सिगारेटच्या धुरात हजारो रसायनं असतात आणि ती सगळ्या जातींना सारखी लागू पडत नाहीत. प्राणवायूवर जगणारे, आपल्याला उपयोगी किंवा निदान तटस्थ असणारे बरेच जंतू मागे पडतात आणि त्यांनी धरून ठेवलेली जागा मोकळी होते. दुसरीकडे धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, त्यामुळे ऊतींपर्यंत प्राणवायू कमी पोचतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या पॉकेट्समध्ये प्राणवायूचं प्रमाण मोजलं, तेव्हा ते न ओढणाऱ्यांपेक्षा कमी भरलं. म्हणजे प्राणवायू न मानवणाऱ्या जंतूंसाठी आपण दर दीड तासाने घर आवरून ठेवतो आणि शेजाऱ्यांनाही हाकलतो. लाल गटाला याहून जास्त काय लागतं?

हे किती लवकर घडतं, ते २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पूर्णिमा कुमार आणि सहकाऱ्यांनी ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्यांचे दात स्वच्छ केले आणि नव्याने जमणारा प्लाक सात दिवस तपासला. न ओढणाऱ्यांमध्ये सुरुवातीची वस्ती मोजक्या, ओळखीच्या जातींची आणि स्थिर होती. ओढणाऱ्यांमध्ये पहिल्या चोवीस तासांतच रोगाशी संबंधित जंतू येऊन बसू लागले होते आणि वस्ती सतत बदलत होती. शरीराची प्रतिक्रियाही निराळी होती. एरवी ज्या साध्या जंतूंकडे शरीर काणाडोळा करतं, त्यांच्याविरुद्धही दाह सुरू झालेला दिसला. मी हा अभ्यास रुग्णांना नेहमी सांगते, कारण त्यातून ब्रशचं महत्त्व आणि ब्रशची मर्यादा दोन्ही कळतात. तुम्ही सकाळी दात उत्तम घासलेत तरी पुन्हा वस्ती उभी राहताना पहिल्या दिवसापासून चुकीची मंडळी आत येत असतील, तर नुसत्या घासण्यावर किती भार टाकायचा?

या विषयावर सगळ्यांचं एकमत मात्र नाही. नव्वदच्या दशकात काही अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांच्या पॉकेट्समध्ये लाल गटातले जंतू जास्त सापडले, तर काहींत फारसा फरक दिसला नाही. आज मागे वळून बघताना त्याची कारणं मला पटतात. खोल पॉकेट कोणाचंही असो, तिथे हे जंतू असतातच, म्हणून ७ मिलिमीटरच्या पॉकेट्सचीच तुलना केली तर फरक पुसला जातो. सॉक्रन्स्की आणि त्यांच्या सहकारी ॲन हाफजी यांनी २००१ मध्ये नमुने खोलीनुसार वेगळे केले, तेव्हा फरक ठळक दिसला तो ४ मिलिमीटरपेक्षा उथळ जागी. ओढणाऱ्यांच्या तोंडात हे जंतू जास्त ठिकाणी पसरलेले होते, विशेषतः वरच्या जबड्यात. याचा अर्थ मी असा घेते की जिथे अजून रोग दिसत नाही, तिथेही त्यांनी पाय रोवलेले असतात. म्हणूनच अशा रुग्णाच्या ३ मिलिमीटरच्या जागाही मी 'ठीक आहे' म्हणून सोडून देत नाही.

आणखी एक भाग मला स्वतःला फार विलक्षण वाटतो. धुरामुळे जंतूंची संख्याच बदलते असं नाही, त्यांचं वागणंही बदलतं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसला प्रयोगशाळेत सिगारेटच्या धुराच्या अर्कात वाढवलं, तेव्हा त्याच्या अंगावरची पकड घेणारी बारीक केसांसारखी प्रथिनं वाढली. त्यांच्या जोरावर तो इतर जंतूंना अधिक घट्ट चिकटू लागला. त्याच वेळी शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला पाहून कमी खवळल्या. म्हणजे पकड घट्ट आणि गाजावाजा कमी. हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे आणि तोंडात ते जसंच्या तसं घडतं असा दावा मी करणार नाही. पण दवाखान्यात जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

दवाखान्यात काय दिसतं ते सांगते. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाची हिरडी बघताक्षणी बऱ्याचदा फसवते. ती लालभडक, फुगलेली नसते. फिकट, जाडसर, कडा गोलसर झालेली आणि घट्ट दिसते. दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग, खालच्या पुढच्या दातांमागे कीटण. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई. ती मी दात आणि हिरडी यांच्यामध्ये हलकेच सरकवते, साधारण वीस-पंचवीस ग्रॅम वजनाइतक्या दाबाने. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटरवर थांबते. मागच्या वर्षी एका गृहस्थांच्या वरच्या दाढेच्या टाळूकडच्या बाजूला ती सरकत सरकत सळईवरच्या काळ्या पट्ट्याच्याही पुढे, ८ पर्यंत गेली. प्रोब बाहेर काढला. मी थांबले. न ओढणाऱ्या माणसात एव्हाना रक्ताची रेघ हिरडीच्या कडेने उतरली असती. इथे अर्ध्या मिनिटानंतर एक टिपका उमटला, तोही फिकट. त्या पॉकेटमधला कणभर मळ काचेवर घेऊन सलाइनच्या थेंबात मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पडद्यावर दाखवला. सगळा पडदा स्पायरोकीटांच्या वळवळीने भरून गेला होता. ते गृहस्थ बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पण डॉक्टर, मला तर काहीच होत नव्हतं."

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. प्लाकला शरीराने दिलेली हाक म्हणजे हिरडीतून येणारं रक्त. केशवाहिन्या फुगतात, त्यांची संख्या वाढते, पेशी आणि द्रव बाहेर येतात, हिरडी नाजूक होते आणि ब्रश लागला की रक्त दिसतं. माणूस घाबरून दवाखान्यात येतो. धूम्रपानाने ही हाक दबते. ऐंशीच्या दशकात स्वीडनमध्ये लो यांचाच प्रयोग ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या लोकांवर करून पाहिला गेला. घासणं बंद केल्यावर प्लाक दोघांतही सारखाच जमला, पण ओढणाऱ्यांच्या हिरड्यांची लाली आणि रक्त कमी होतं. पूर्वी आम्ही सरळ सांगायचो की निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून असं होतं. आता तेवढं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांच्या हिरडीत दाहाला उत्तर म्हणून नव्या वाहिन्या वाढण्याची क्रियाच मंदावलेली असते आणि ती एका सिगारेटीने येणारी-जाणारी गोष्ट नाही. कारण काहीही असो, रुग्णासाठी परिणाम एकच: आत हाड झिजत असतं आणि बाहेर कसलीही खूण नसते. तुम्हाला अन्न अडकण्यावरून पत्ता लागला. अनेकांना दात हलायला लागल्यावर लागतो.

शरीराच्या बाजूने आणखी काय बिघडतं, ते थोडक्यात. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी पोचतात, पण नीट चालून जाणं आणि गिळणं मंदावतं. उलट त्यांच्याकडून ऊती विरघळवणारी रसायनं मात्र सुटत राहतात. काही प्रतिपिंडं कमी बनतात. हिरडी पुन्हा दाताला धरायची असेल तर ज्या पेशींनी तंतू विणायचे, त्या निकोटिन लागलेल्या मुळावर नीट चिकटत नाहीत. झीज जास्त आणि भरपाई कमी, असं दुहेरी नुकसान होतं.

आकड्यांत सांगायचं तर, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीचं २००० साली प्रसिद्ध झालेलं विश्लेषण मला सगळ्यात उपयोगी वाटतं. त्यात ओढणाऱ्यांना हिरड्यांचा खोल रोग असण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या साधारण चौपट आढळली. दिवसाला नऊ किंवा कमी सिगारेटी ओढणाऱ्यांत ती पावणेतीन पटीच्या आसपास होती, एकतीस किंवा जास्त ओढणाऱ्यांत जवळपास सहापट. २०१८ मध्ये आलेल्या हिरड्यारोगाच्या जागतिक वर्गीकरणातही सिगारेटींचा आकडा अधिकृतपणे धरला गेलाय. दिवसाला दहापेक्षा कमी असतील तर ग्रेड 'बी', दहा किंवा जास्त असतील तर 'सी', म्हणजे रोग वेगाने पुढे जाण्याचा धोका अधिक. तुमच्या बारा सिगारेटी त्या रेषेच्या वर आहेत. डॉक्टरांनी कागदावर 'ग्रेड सी' लिहिलं असेल तर ते कदाचित त्यामुळे. आजार किती पसरलाय हे 'स्टेज' सांगते आणि ती वेगळी असते, दोन्हींची गल्लत करू नका.

आता तिसरा प्रश्न, औषधाचा. माउथवॉश हिरडीच्या कडेखाली जेमतेम मिलिमीटरभरही धड उतरत नाही. तुमचा मुक्काम आहे ६-७ मिलिमीटरवर. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक माउथवॉशने वरवरचा प्लाक नक्की कमी होतो आणि उपचारानंतरचे काही दिवस मी तो देतेही. महिनोन्महिने वापरला तर दात काळपट होतात, चव बिघडते आणि पॉकेटमधल्या वस्तीला त्याचा पत्ताही लागत नाही. अँटिबायोटिक रक्तातून पॉकेटपर्यंत पोचतं, पण तिथे चिकट आवरणात दडलेले जंतू मोकळ्या जंतूंपेक्षा औषधाला कितीतरी पटींनी कमी दाद देतात. म्हणून आधी आवरण मोडावं लागतं, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग. मुळावरचं कीटण आणि प्लाक हाताने किंवा मशीनने खरवडून काढणं, याला पर्याय नाही. त्यानंतर निवडक रुग्णांना मी अँटिबायोटिक जोडते, सरसकट नाही. आणि समजा सगळे जंतू एका दिवशी साफ केले, तरी पुढच्या चोवीस तासांत नवी वस्ती बसणारच आहे. ती कोणाची बसेल, हे त्या दिवशी तोंडात धूर आहे की नाही यावर बरंचसं ठरतं. नुसत्या गोळीवर माझा भरवसा का नाही, त्याचं कारण हेच.

यावरून सिगारेट सुटेपर्यंत उपचारच नको, असा अर्थ कृपया काढू नका. काही रुग्णांना तसं सांगून परत पाठवलं गेल्याचं मी ऐकलंय आणि मला ते मुळीच मान्य नाही. ओढणाऱ्यांनाही स्केलिंगचा फायदा होतो. पॉकेट्स कमी होतात, फक्त न ओढणाऱ्यांइतकी होत नाहीत. शस्त्रक्रिया, हाड भरणं, इम्प्लांट यांत मात्र मी जास्त सावध असते, कारण तिथे सगळी मदार जखम भरण्यावर असते. माझी पद्धत अशी: सफाई लगेच सुरू करायची, सिगारेट सोडण्याचं काम तिच्या जोडीने चालू ठेवायचं आणि चाकूचा विषय तीन महिन्यांनंतरचे आकडे बघून काढायचा.

सोडल्यावर काय होतं, हे मला सविस्तर लिहायचंय, कारण नेमकं इथे माणसं घाबरून मागे फिरतात. सिगारेट सोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येणं वाढतं. हो, वाढतं. प्लाक तेवढाच असतो, पण दबलेली हाक परत उमटायला लागते. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे अगदी रडकुंडीला येऊन बसल्या होत्या. सिगारेट सोडून पाच आठवडे झाले होते, बेसिनमध्ये रोज लाल दिसत होतं, वर तोंडात दोन फोड. घरच्यांनी सांगितलं की शरीराला सवय होती, एकदम तोडलीस म्हणून झालं. त्यांनी दोन दिवस पुन्हा ओढली, रक्त कमी झालं असं त्यांना वाटलं आणि सिगारेट हेच औषध अशी त्यांची खात्री पटत चालली होती. ही सूचना त्यांना आधी द्यायला हवी होती. ती मी दिली नव्हती आणि त्याची खंत मला अजून वाटते. तेव्हापासून सोडायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. फोडही येऊ शकतात, काही आठवड्यांत ते जातात. रक्त हे हिरडी जागी झाल्याचं लक्षण समजा. फक्त ते बघून ब्रश करणं सोडू नका, उलट दातांच्या फटी इंटरडेंटल ब्रशने जास्त नेटाने साफ करा.

जंतूंचं काय होतं? लहान गटांवर वर्षभर लक्ष ठेवलेल्या अभ्यासांत सोडणाऱ्यांची पॉकेटमधली वस्ती ओढत राहिलेल्यांपेक्षा वेगळ्या, बऱ्या दिशेने गेलेली दिसली. २०१६ मध्ये बाराशेहून जास्त अमेरिकी प्रौढांच्या तोंड धुतलेल्या पाण्यातले जंतू तपासले गेले. त्यात ओढणाऱ्यांची वस्ती स्पष्टपणे वेगळी होती आणि पूर्वी ओढून सोडलेल्यांची वस्ती कधीच न ओढणाऱ्यांसारखी होती. हे सगळ्या तोंडाचं चित्र झालं, खोल पॉकेटचं नव्हे, तरी मला त्याने उभारी मिळते. हिरड्यांच्या रोगाचा वाढीव धोका मात्र सावकाश उतरतो. २००० सालच्या ज्या विश्लेषणाबद्दल वर लिहिलं, त्यात सोडून अकरा वर्षं झालेल्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास आला होता. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. उरलेलं वाचवणं हेच आपलं काम.

'कमी केली तर चालेल का' हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. बाराच्या पाच झाल्या तर धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. सोडण्याच्या वाटेवरची पायरी म्हणून कमी करा, तिथे मुक्काम करू नका. ई-सिगारेटकडे वळू नका, असं मी सांगते. २०२० साली पूर्णिमा कुमार यांच्याच गटाने दाखवलं की हिरड्यांचा रोग नसलेल्या ई-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांतही हिरडीखालची वस्ती आणि दाहाची चिन्हं बदललेली होती. तोंडात ठेवायच्या तंबाखूने तर ठेवल्या जागची हिरडी मागे सरते आणि कर्करोगाचा धोका वेगळाच. तलफ भागवायला त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी लागली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरा. त्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही आणि माझ्या दृष्टीने तो सौदा नक्कीच बरा.

आता लगेच काय करायचं? तुमच्या डॉक्टरांकडून पॉकेट्सचा पूर्ण तक्ता मागून घ्या. प्रत्येक दाताचे सहा आकडे असतात. फक्त '६-७ आहेत' एवढ्यावर थांबू नका. किती जागी ४ पेक्षा जास्त आहे, दाढेची मुळं जिथे फुटून वेगळी होतात तिथपर्यंत रोग गेलाय का, कोणता दात हलतो, हे त्यात कळेल. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासलेली नसेल तर तपासा, कारण तुमच्या वयात मधुमेह लपलेला असला तर जंतू आणि सिगारेट यांच्या जोडीला तिसरा भिडू मिळतो. सफाईच्या पहिल्या तारखेच्या आसपासच सोडण्याची तारीख ठरवा, म्हणजे नव्याने बसणारी पहिली वस्ती तरी धुराशिवाय बसेल. मग तीन महिन्यांनी तोच तक्ता त्याच हाताने पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. ७ च्या जागी ५ आणि ६ च्या जागी ४ दिसले, तर अधूनमधून ब्रशवर थोडं रक्त असलं तरी मी समाधानी असेन. रक्त अजिबात नाही आणि आकडे मात्र जिथल्या तिथे, असं असेल तर मला काळजी वाटेल. तेव्हा पुढचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून, दोन्ही तक्ते समोर ठेवून घ्या.